जुन्या गेमिंग संगणकाचा वेग कोठे अडतो

नवी मुंबईत वाशीपासून खारघरपर्यंतच्या कोणत्याही वसाहतीत गेमिंगसाठी जोडून घेतलेला संगणक सात-आठ वर्षांचा झाला की त्याच्याबद्दलची तक्रार बहुधा ‘लॅग मारतो’ एवढ्याच शब्दांत केली जाते आणि तिच्यावर सुचवला जाणारा उपायही बहुधा एकच असतो, तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा. तक्रार आणि उपाय यांच्या मध्ये जी तपासणी व्हायला हवी ती राहून जाते. वास्तविक ‘लॅग’ या एका शब्दाखाली किमान चार वेगवेगळे विकार येतात. गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच संथ चालणे हा एक, एरवी सुरळीत चालताना मध्येच गचका बसणे हा दुसरा, पहिली पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालून नंतर मंदावणे हा तिसरा आणि चित्र अगदी सलग हलत असूनही प्रतिस्पर्धी खेळाडू पडद्यावर उड्या मारल्यासारखा जागा बदलताना दिसणे हा चौथा. यांतल्या चौथ्या विकाराचा संगणकाच्या चित्रक्षमतेशी काहीही संबंध नसतो, कारण तो इंटरनेटच्या जोडणीचा दोष आहे आणि जगातले सर्वांत महाग कार्ड बसवूनही तो जाणार नाही. उरलेल्या तिघांची कारणेही एकमेकांपासून दूरची आहेत. म्हणून निदानाची पहिली पायरी यंत्र उघडण्याची नसून लक्षण नेमके ओळखण्याची आहे.

लक्षण ओळखण्यासाठी ‘फ्रेम’ ही संज्ञा समजून घ्यावी लागते. फ्रेम म्हणजे पडद्यावर एका क्षणी उमटणारे एक पूर्ण चित्र, आणि एका सेकंदात अशी किती चित्रे तयार होतात त्या संख्येला एफपीएस म्हणतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांत आणि ३० चित्रे पुरत असतील तर सुमारे ३३.३ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. मात्र एफपीएसची सरासरी फसवी असते. एका सेकंदातली ५९ चित्रे प्रत्येकी १० मिलिसेकंदांत तयार झाली आणि साठाव्या चित्राला ४१० मिलिसेकंद लागले, तर मोजणीत आकडा ६० चाच दिसेल, पण डोळ्यांना जवळजवळ अर्ध्या सेकंदाचा थांबा स्पष्ट जाणवेल. संथपणा आणि गचका हे दोन विकार वेगळे का मानायचे ते या उदाहरणावरून ध्यानात येईल. पहिल्यात प्रत्येकच चित्र उशिरा तयार होत असते, तर दुसऱ्यात बहुतेक चित्रे वेळेवर येतात आणि एखादेच कोठेतरी खोळंबते.

चित्र तयार होण्याच्या कामात संगणकाचे दोन मुख्य भाग गुंतलेले असतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या गेमसारखा एखादा खेळ घेतला, तर नायिका कोठे उभी आहे, तिच्यावर चालून येणारा राक्षस कोणती चाल करणार, मारलेला वार लागला की हुकला, हे सर्व मध्यवर्ती प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, ठरवतो. त्याने ठरवलेल्या प्रसंगातील दगडी भिंतीचा पोत, दिव्याचा उजेड आणि पडणारी सावली बिंदू-बिंदू करून रंगवण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, करतो. जीपीयू हे नाव १९९९ मध्ये जीफोर्स २५६ या कार्डाबरोबर रूढ झाले आणि तेव्हापासून चित्रकामाचा भार सीपीयूवरून अधिकाधिक त्याच्याकडे सरकत गेला. रंगवायच्या बिंदूंची संख्या प्रचंड असते. १९२० गुणिले १०८० या रचनेच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात आणि सेकंदाला ६० वेळा ते सगळे नव्याने रंगवावे लागतात. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या गतीने सगळा गेम चालतो. त्यामुळे मागे पडणारा सीपीयू असेल तर जीपीयू बदलण्यावर केलेला खर्च वाया जातो, आणि जुन्या संगणकांच्या बाबतीत हे फार वेळा घडते.

या प्रकरणात पुढे उदाहरणादाखल २०१६ च्या सुमारास जोडलेला एक नमुनेदार संगणक गृहीत धरला आहे. इंटेलचा चार गाभ्यांचा आय-५ ६४०० हा प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, ४ जीबी स्मृतीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ही त्याची रचना. मध्यमवर्गीय घरात पालकांना पटेल अशा किमतीत बसणारी ही जुळणी होती आणि तिच्यासारखी असंख्य यंत्रे आजही चालू आहेत.

मोजणी

ज्या तपासणीला एक रुपयाही लागत नाही ती सर्वांत आधी करावी. मॉनिटरची केबल संगणकाच्या पाठीमागे कोठे लावली आहे ते पाहावे. वर सांगितलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचाही एक छोटा, अंगभूत ग्राफिक्स भाग असतो आणि त्याची खोबण मदरबोर्डवर, वरच्या बाजूला असते, तर ग्राफिक्स कार्डाची खोबण त्याखाली आडवी असते. घर बदलताना किंवा साफसफाईनंतर केबल वरच्या खोबणीत गेली, तरी अनेक संगणकांत पडदा लागतो, विंडोज नेहमीसारखे चालते, चित्रपटही दिसतात, फक्त गेम रांगू लागतो, कारण कार्ड रिकामे बसलेले असते आणि सगळे चित्रकाम अंगभूत भागावर पडलेले असते. ही चूक क्षुल्लक वाटली तरी निष्णात माणसाच्या हातूनही होते.

त्यानंतरची पायरी म्हणजे गेम चालू असताना दोन्ही प्रोसेसर किती व्यग्र आहेत ते पाहणे. विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये २०१७ पासून जीपीयूचा वापर आणि २०२० पासून त्याचे तापमानही दिसते. एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एचडब्ल्यूइन्फो या मोफत साधनांत ते अधिक तपशिलाने दिसते. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड पूर्ण शक्तीने काम करत आहे आणि मर्यादा त्याचीच आहे, असे मानता येते. तो ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर कार्ड कशाची तरी वाट पाहत आहे. येथे एक खाच आहे. टास्क मॅनेजर सीपीयूचा एकत्रित आकडा दाखवतो आणि चार गाभ्यांपैकी एकच गाभा पूर्ण दमला असेल तर तो आकडा जेमतेम २५ टक्के दिसतो. म्हणून आलेख गाभ्यांनुसार वेगळा करून पाहावा लागतो.

साधनांवर विश्वास नसेल तर आणखी साधा प्रयोग आहे. गेममधील चित्ररचना १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावी. बिंदूंची संख्या ९ लाख २१ हजार ६०० होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि जीपीयूचे काम त्याच प्रमाणात हलके होते, पण सीपीयूचे काम तसेच राहते, कारण राक्षसाची चाल बिंदूंच्या संख्येवर ठरत नाही. एफपीएस ठळकपणे वाढला तर अडसर कार्डाचा आहे. तो जिथल्या तिथे राहिला तर अडसर सीपीयूचा किंवा रॅमचा आहे आणि नव्या कार्डासाठी ठेवलेले पैसे खिशातच ठेवावेत. एफपीएस नेमका ३० वर खिळून राहिला असेल तर ‘व्ही-सिंक’ ही सोय तपासावी. चित्रे पडद्याच्या तालाशी जुळवणारी ही सोय साध्या रूपात चालू असताना ६० हर्ट्झच्या पडद्यावर एखादे चित्र १६.७ मिलिसेकंदांची वेळ थोडक्यात चुकले तरी त्याला पुढच्या फेरीपर्यंत थांबवते आणि त्यामुळे सेकंदाला ५५ चित्रे काढू शकणारे यंत्र एकदम ३० वर येते.

उष्णता, धूळ आणि खारा वारा

‘पहिली वीस मिनिटे चांगला चालतो, मग मंदावतो’ हे लक्षण ठाणे खाडीच्या काठावरच्या या शहरात सर्वाधिक लक्ष देण्याजोगे आहे, कारण यंत्राच्या वयाइतकाच त्यात हवामानाचाही वाटा असतो. आधुनिक चिप आपले तापमान स्वतः मोजते आणि ठरावीक मर्यादा गाठली की स्वतःचा वेग कमी करते. या स्वसंरक्षणाला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. २०१६ च्या पिढीतील जीफोर्स कार्डांत ही मर्यादा साधारणपणे ८३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेली असते, तर इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ती १०० अंशांच्या जवळ असते. शिवाय मर्यादा गाठण्याच्या बऱ्याच आधीपासून, तापमान चढेल तसा, ही कार्डे आपला वेग सुमारे १३ मेगाहर्ट्झच्या लहान पायऱ्यांनी उतरवू लागतात. पडद्यावर कोणतीही सूचना येत नसल्यामुळे वापरणाऱ्याचा समज यंत्र म्हातारे झाल्याचा होतो.

कार्डावरचा पंखा आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा पातळ धातुपत्र्यांचा गठ्ठा, चिपला थंड करत नाहीत, तर तिला भोवतालच्या हवेपेक्षा काही ठरावीक अंशांनीच जास्त गरम राहू देतात, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७३ अंशांवर स्थिरावणारे कार्ड मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या ३४ अंशांच्या खोलीत ८३ वर जाऊन बसते. त्यात कार्डाचा दोष काहीच नसतो. ऐरोली-महापे पट्ट्यात आणि पनवेलजवळ जी मोठी डेटा सेंटर्स उभी आहेत, त्यांतील यंत्रांना मिळणाऱ्या हवेसाठी वातानुकूलन अभियंत्यांची ‘अ‍ॅशरे’ ही संस्था १८ ते २७ अंशांची शिफारस करते, आणि ती हवा गाळलेली व आर्द्रता राखलेली असते. त्यांच्यापासून एक-दोन किलोमीटरवरच्या घरातील संगणक मात्र खिडकीतून जे येईल त्यावर चालतो.

खिडकीतून येते ती धूळ. सतत चालू असलेली बांधकामे, शीव-पनवेल महामार्ग आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरची अवजड वाहतूक यांमुळे नवी मुंबईच्या हवेत बारीक दगडी धुळीचा अंश मोठा आहे. ही धूळ हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये अडकते, पावसाळ्यात ओलावा शोषून तिचे कण एकमेकांना चिकटतात आणि दोन-तीन वर्षांत तिचा घोंगडीसारखा थर तयार होतो, जो बाहेरून पंखा पाहून दिसत नाही, कारण तो पंख्याच्या मागे, पत्र्यांच्या तोंडाशी बसलेला असतो. पंखा जोरात घरघरतो, पण हवा पलीकडे पोहोचत नाही. म्हणून पंख्याचा आवाज वाढला आणि त्याच वेळी वेग घटला, तर पहिला संशय या थरावर घ्यावा.

धुळीपेक्षा मीठ अधिक घातक आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ज्या भूमीवर हे शहर वसवले तेथे भातखाचरे आणि मिठागरे होती, आणि खाडीवरून येणारा वारा आजही आपल्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण आणतो. मिठाचा एक गुणधर्म रसायनशास्त्रात चांगला ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. पावसाळ्यात घराघरांतल्या मिठाच्या बरण्यांना जे पाणी सुटते ते याच कारणाने, आणि जून ते सप्टेंबर येथील आर्द्रता ही सीमा वारंवार ओलांडते. अशा वेळी मदरबोर्डावर बसलेली खारट धूळ वीज वाहू शकणाऱ्या पातळ ओलसर थरात बदलते, रॅमच्या पट्टीच्या आणि कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांच्या कडांशी गंज धरतो, आणि संगणक पावसाळ्यात कधी सुरूच होत नाही, कधी अर्ध्या गेममध्ये बंद पडतो. रॅम काढून, संपर्कपट्ट्या पुसून पुन्हा बसवल्यावर यंत्र चालू होते, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव याच रसायनाचा परिणाम आहे. रबराने घासण्याची पद्धत सर्रास दिसते, तथापि तिने मुलामा झिजतो. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजवलेले, धागे न सुटणारे कापड अधिक चांगले.

वातानुकूलन यंत्राने हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, उलट एक नवा धोका निर्माण होतो. भर पावसाळ्यात येथील हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होते ते तापमान, २५ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांपर्यंत थंड केलेल्या खोलीत बंद असलेल्या संगणकाचे धातूचे भागही तितकेच थंड झालेले असतात, आणि एसी बंद करून खिडक्या उघडल्या की बाहेरची दमट हवा त्यांच्यावर दव धरते. तेव्हा पावसाळ्यात अशा खोलीत खिडकी उघडल्यावर लगेच संगणक सुरू न करता तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबणे शहाणपणाचे आहे.

सफाईची रीत थोडक्यात अशी आहे. संगणक बंद करून विजेची केबल भिंतीवरच्या सॉकेटमधून काढावी, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेला भार निघू द्यावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिरवीज घालवावी आणि कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअरने धूळ उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे आवश्यक आहे, कारण हवेच्या झोताने ते मर्यादेबाहेर फिरले तर पंख्याचे बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये, त्याच्या नळीच्या घर्षणातून स्थिरवीज निर्माण होते. एवढ्यावर तापमान उतरले नाही, तर चिप आणि हीटसिंक यांच्या मधली थर्मल पेस्ट तपासावी. दोन्ही पृष्ठांवरच्या सूक्ष्म खळग्यांमधली हवा काढून तेथे उष्णतेला वाट करून देणारा हा लेप वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सुकतो आणि कडांकडे सरकतो. सीपीयूवरचा लेप बदलणे सोपे आहे. ग्राफिक्स कार्ड उघडणे मात्र अनुभवी माणसाकडे सोपवावे, कारण त्याच्या स्मृतिचिपांवर ठरावीक जाडीच्या थर्मल पॅड नावाच्या मऊ पट्ट्या असतात आणि वेगळ्या जाडीची पट्टी बसली तर मुख्य चिपवर हीटसिंक टेकतच नाही.

उन्हाळ्यापुरता एक उपाय पेचकसाविनाही करता येतो. गेमचा एफपीएस ६० वर, किंवा निवांत खेळांत ४५ वर, बांधून टाकावा, म्हणजे कार्ड अनावश्यक चित्रे काढत तापत बसत नाही. कार्डाची वीजमर्यादा आफ्टरबर्नरमधून ८०-८५ टक्क्यांवर आणली तरी वेगात बहुधा थोडीच घट होते आणि तापमान मात्र चांगलेच उतरते. सेकंदाला पाच चित्रे कमी पण शेवटपर्यंत सारखी, ही अवस्था आधी भरपूर आणि मग एकदम कोसळणाऱ्या वेगापेक्षा खेळणाऱ्यासाठी केव्हाही चांगली.

स्मृती

गचक्यांचे मूळ बहुधा स्मृतीत सापडते. ग्राफिक्स कार्डावर स्वतःची स्मृती असते, तिला व्हीरॅम म्हणतात, आणि पृष्ठांचे पोत, म्हणजे टेक्स्चर, तेथे ठेवलेले असतात. १०५० टीआय कार्डाची चिप आपल्या ४ जीबी व्हीरॅमशी सेकंदाला ११२ जीबी या वेगाने बोलते. टेक्स्चर त्या ४ जीबीत मावले नाहीत की उरलेले मुख्य रॅममध्ये ठेवावे लागतात आणि तेथून ते ज्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने येतात त्याची क्षमता तिसऱ्या पिढीच्या सोळापदरी जोडणीत सेकंदाला सुमारे १५.७५ जीबी, म्हणजे सातव्या हिश्श्याएवढी आहे. एखाद्या वळणावर नवा प्रदेश दिसू लागताच गेम क्षणभर थांबतो तो या अरुंद वाटेमुळे. यावर उपाय सोपा आहे. फक्त टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणावी. उलटपक्षी व्हीरॅम पुरेशी असेल तर टेक्स्चर कमी केल्याने एफपीएस जवळजवळ वाढतच नाही, त्यासाठी सावल्या, प्रतिबिंबे आणि कडा गुळगुळीत करणारे अँटि-एलिअसिंग कमी करावे लागते. दूरचे दिसणारे अंतर आणि गर्दीची घनता यांचा भार मात्र बराचसा सीपीयूवर असतो. सगळ्या सोयी एकदम ‘लो’ वर टाकून गेम विद्रूप करून घेण्याऐवजी अडसर कोणाचा आहे ते आधी मोजले, तर दोन-तीनच सोयींवर काम भागते.

रॅमची एकच पट्टी हा त्या काळच्या जुळण्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वस्तात दुरुस्त होणारा दोष आहे. डीडीआर-४ २१३३ जातीची एक पट्टी प्रोसेसरला सेकंदाला सुमारे १७ जीबी माहिती देते, आणि तशीच दुसरी पट्टी योग्य खोबणीत बसवली की दोन वाहिन्या समांतर चालून ही क्षमता ३४ जीबी होते. त्याबरोबरच एकूण रॅम १६ जीबी होते आणि ब्राउझर व डिस्कॉर्ड उघडे ठेवून खेळणाऱ्याची गरज भागते. जोडी शक्यतो एकाच वेगाची आणि क्षमतेची घ्यावी आणि कोणत्या दोन खोबणी वापरायच्या ते मदरबोर्डाच्या पुस्तिकेतून पाहावे. हार्ड डिस्कची गोष्टही अशीच. फिरत्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला दहा-एक मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका चित्रासाठी मिळणाऱ्या वेळेतला निम्म्याहून अधिक भाग एका शोधातच संपतो. एसएसडी बसवल्याने सरासरी एफपीएस वाढत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे, परंतु गेम उघडण्याची वाट पाहणे आणि प्रदेश बदलतानाचे गचके पुष्कळ कमी होतात.

वीज आणि सॉफ्टवेअर

एसएमपीएसच्या डब्यावर छापलेला एकूण वॉटचा आकडा महत्त्वाचा नसून १२ व्होल्टच्या वाहिनीवर किती अँपिअर मिळतात ते महत्त्वाचे आहे, कारण सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही प्रामुख्याने त्याच वाहिनीवर जगतात. ‘४५० वॉट’ लिहिलेल्या डब्यावर १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर लिहिले असतील, तर कामाची शक्ती २१६ वॉटच भरते. मदरबोर्डाच्या खोबणीतून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळू शकते, सहा टोकांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ टोकांच्या जोडणीतून १५०. दमलेल्या एसएमपीएसचे लक्षण सहसा मंदपणा नसून गेम रंगात आला असता संगणक अचानक बंद होणे हे असते. त्याच्या आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीव तापमानामागे साधारण निम्मे होते, म्हणजे उष्णतेचा विषय येथेही सुटत नाही. आठ-नऊ वर्षांचा स्वस्त एसएमपीएस ठेवून त्यावर नवे कार्ड चढवणे हा निव्वळ धोका आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूने ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा, बिघडलेला असू शकतो. जुना ड्रायव्हर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरसारख्या साधनाने समूळ काढून निर्मात्याच्या संकेतस्थळावरचा नवा बसवावा. त्यानंतरचे पहिले काही खेळ गचके देतात, कारण ‘शेडर’ नावाचे छोटे रंगकाम-आदेश कार्डाच्या भाषेत नव्याने रचले जात असतात. तो दोष नव्हे. विंडोजची वीजबचत पद्धत चालू राहिलेली असणे, मागे पडदामुद्रण सुरू असणे, या गोष्टी पाच मिनिटांत तपासून होतात.

यापेक्षा गंभीर बाब आधाराच्या समाप्तीची आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे सहाव्या पिढीचे, म्हणजे आय-५ ६४०० च्या पिढीचे, प्रोसेसर नाहीत. जीफोर्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांना, म्हणजे ७५० टीआयपासून १०८० टीआयपर्यंतच्या बहुतेक कार्डांना, नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवले असून त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षा-दुरुस्त्या जाहीर केल्या आहेत. जुने खेळ यामुळे मंदावणार नाहीत, मात्र यापुढच्या खेळांसाठी या कार्डांकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

कार्ड बदलायचेच ठरले तर

मोजणीअंती अडसर कार्डाचाच निघाला, तर एएमडीने २०२१ मध्ये आणलेली एफएसआर ही सोय आधी वापरून पाहावी. कमी बिंदूंत काढलेले चित्र पडद्याच्या मापाला वाढवणारी ही पद्धत एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालते. तेवढ्याने भागले नाही तरच खरेदी करावी आणि तीही जुन्या मदरबोर्डाला मानवणारी. २०२२ मध्ये आलेले आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चारच पदरांची जोडणी वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या खोबणीत त्याला सेकंदाला जेमतेम ४ जीबीचा मार्ग उरतो. इंटेलच्या आर्क कार्डांना ‘रिसायझेबल बार’ ही सोय लागते आणि इंटेल ती स्वतःच्या दहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांबरोबर मागते. नवे ते चांगले, हा नियम येथे लागू पडत नाही.

वापरलेल्या कार्डांचा बाजार मोठा आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड त्यासाठी प्रसिद्ध आहेच आणि हार्बर मार्गाने गाडी बदलून तेथे जाणाऱ्या नवी मुंबईकरांची संख्या कमी नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचे ‘मायनिंग’ बंद केल्यावर वर्षानुवर्षे अहोरात्र चाललेली पुष्कळ कार्डे या बाजारात आली. त्यांतील चिप बहुधा ठीक असते, पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असतात. त्याहून वाईट प्रकार बनावट कार्डांचा, ज्यांत २०११ च्या ५५० टीआय कार्डावर खोटी माहिती भरून ते १०५० टीआय म्हणून विकले जाते. जीपीयू-झेड हे मोफत साधन अशी अनेक कार्डे ओळखते. त्यामुळे पैसे देण्याआधी विक्रेत्याकडेच कार्ड लावून, हे साधन उघडून, एखादा गेम वीस मिनिटे चालवून तापमान पाहण्याचा आग्रह धरावा. त्याला नकार मिळाला तर ते कार्ड घेऊ नये.

किनाऱ्यावरच्या घरांत मृग लागण्याआधी आगोटीची बेगमी करण्याची आणि खंडेनवमीला हत्यारे-यंत्रे पुसून त्यांची पूजा करण्याची रीत अजून टिकून आहे. या दोन्ही वेळी संगणकाचे कॅबिनेटही उघडावे, मे अखेरीस खारट धूळ ओली होण्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास दुसऱ्यांदा, आणि दोन्ही वेळी सफाईच्या आधीचे व नंतरचे तापमान एका वहीत लिहून ठेवावे.